कलम चौथे: कार्ड पुसू नये

माझ्या वहीत एक पान क्रिकेटपटूंच्या कार्डांचं आहे. त्याच्या आधीचं पान पाण्याची टाकी धुण्याचं आणि नंतरचं सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. मी तलासरीला एका सरकारी कार्यालयात आस्थापनेचं काम करते. लोकांच्या रजा, वेतनवाढी आणि सेवापुस्तकं यांतच निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे कोणतीही गोष्ट कलमवार लिहिल्याशिवाय ती मला समजल्यासारखी वाटत नाही. कार्डांच्या पानावर नऊ कलमं आहेत. ऑफिसात कोणाच्या जावयाला किंवा भाच्याला हे वेड लागलं की तो माणूस माझ्या टेबलाशी येतो आणि मी त्या पानाची झेरॉक्स देते. तोंडी एवढंच सांगते, की स्वस्तातलं असेल तर काहीही घ्या, पण महागाचं कार्ड ग्रेड झालेलंच घ्या.

का, असं विचारलं तर तेही सांगते. कार्डाची अर्धी किंमत त्यावर कोण आहे याची असते आणि अर्धी ते कसं राहिलंय याची. छपाई मधोमध आहे का, चार कोपरे टोकदार आहेत का, कडा सरळ आहेत का, वरचा पृष्ठभाग जसा छापखान्यातून निघाला तसाच आहे का. या चारच गोष्टी. पण घेणारा बघतो तेव्हा त्याला ते कार्ड हवं असतं आणि विकणारा बघतो तेव्हा त्याला ते खपवायचं असतं. दोघांचीही नजर कामाची नाही. म्हणून ते तिसऱ्याकडे पाठवायचं. तो दुसऱ्या देशात दिवा आणि भिंग घेऊन बसलेला असतो. कार्ड कोणाच्या घरातून आलं, कोणाची किती इच्छा आहे, हे त्याला ठाऊक नसतं. तो एक ते दहामधला एक आकडा देतो आणि कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून टाकतो. डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर घालून पाहता येतो. पैसे द्यायचे ते त्याने आपल्याला न ओळखण्याचे. ओळखीच्या माणसाने दिलेला नंबर कसा असतो, ते मी चोवीस वर्षांची असताना पाहिलं होतं.

हे सगळं मी दादामुळे शिकले. दादाला त्याचा उपयोग झाला नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शेठची चिकूची वखार आहे, तिथे तो तीस वर्षं माल निवडत होता. वाड्यांतून पाट्या येतात. चिकू पाण्याच्या पिंपात फिरवून धुतात, वरची तपकिरी भुकटी आणि चीक निघून जातो, मग मऊ फडक्याने पुसतात, देठाचं टोक छोट्या कात्रीने कापतात, म्हणजे ते शेजारच्या फळाला टोचत नाही. एवढं झाल्यावर माल दादाच्या टेबलावर यायचा. तो फळ हातात घेऊन अंगठा एकदाच फिरवायचा आणि फळ डावीकडे, मध्ये किंवा उजवीकडे जायचं. एक नंबर दिल्लीला, दोन नंबर गावच्या बाजाराला, तीन नंबर चकत्या करून वाळवायला. त्याने एकदा ठेवलेलं फळ कोणी उचलून दुसरीकडे ठेवलेलं मी पाहिलं नाही. शेठनेही नाही.

ही सवय तो घरी घेऊन यायचा. आंबे, कपडे, शेजारी, नातेवाईक, सगळ्यांना नंबर. लोक हसायचे, कारण तो बऱ्याचदा बरोबर असायचा.

मला पाहायला वाणगावची माणसं आली होती. मुलगा रेल्वेत होता. पोहे झाले, प्रश्न झाले, मी आत गेले. पडद्यामागे उभी होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मध्यस्थ काका मोठे गमत्ये होते. त्यांनी दादाला विचारलं, तुम्ही तर माल पारखता, मग सांगा, आमच्या पाहुण्यांना कुठला माल देताय. दादाच्या हातात चिकूच्या फोडींची ताटली होती. तो म्हणाला, "आमची ही दोन नंबर. गावात खपेल, बाहेर पाठवायची नाही."

सगळे हसले. मुलाची आई सर्वांत जास्त हसली. आठ दिवसांनी त्यांचा नकार आला. दादा म्हणाला, अरे मी गंमत केली, एवढ्याने कोणी नकार देतं का, त्यांना द्यायचाच असणार. तेही खरं असेल. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, नवराही रेल्वेतलाच मिळाला आणि चांगला मिळाला. पण हळदीच्या दिवशी मामेबहिणींनी मला दोन नंबर म्हणूनच हाक मारली आणि पुढे ते नाव राहिलं. मी खातेपरीक्षा पास झाले, माझ्या हाताखाली चार माणसं आली, मुलगी इंजिनियर झाली, तरी दादाच्या घरात पाऊल टाकलं की दादा आतून ओरडायचा, आली का दोन नंबर. प्रेमानेच म्हणायचा. सगळं प्रेमानेच चाललं होतं.

आता कार्डाकडे. लहानपणी च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची, ती दादा कंपासपेटीत ठेवायचा आणि मला हात लावू द्यायचा नाही. ते वेड मध्ये बंद पडलं आणि मोबाइल आल्यावर परत सुरू झालं. कुठल्या कुठल्या ग्रुपवर तो कार्डांचे फोटो बघत बसायचा. वखारीला पुठ्ठ्याची खोकी पुरवणारा उंबरगावचा एक व्यापारी होता, त्यालाही हाच नाद. एकदा त्याने जुना अल्बम आणला. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेली दोनेकशे कार्डं होती. दादाने ती जेवणाच्या सुट्टीत टेबलावर पसरली, अंगठा फिरवला आणि एक उचललं. एका परदेशी वेगवान गोलंदाजाचं, त्याच्या पहिल्या दौऱ्याच्या वर्षी छापलेलं. व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत दादाच्या पाच पगारांइतकी होती. सोबत ना कागद, ना डबी. व्यापारी म्हणाला, मी खात्रीने सांगू शकत नाही, मला त्यातलं कळत नाही, तुम्ही पारखी आहात. दादाने घेतलं.

वहिनी चार दिवस बोलली नाही. मी त्याला विचारलं, कार्ड अस्सल आहे हे कशावरून. त्याने अंगठा दाखवला.

इथवर ठीक होतं. पण त्याच महिन्यात शेठने वखारीत यंत्र आणलं. एका टोकाला चिकू टाकायचे, पट्ट्यावरून पुढे जाता जाता ते वजनाप्रमाणे वेगवेगळ्या खणांत पडतात. शेठ चांगला माणूस, त्याने दादाला काढलं नाही. एवढंच म्हणाला, की आता तुम्ही आराम करा, गेटवर बसा, गाड्यांची नोंद ठेवा. टेबल उचलून मागच्या शेडमध्ये टाकायचं ठरलं होतं. दादाने ते ऐकून घेतलं नाही. वजन म्हणजे दर्जा नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. बोलता बोलता कार्डाचा विषय निघाला. दादा म्हणाला, मी कुठलाही कागद न बघता एक कार्ड उचललंय. ते परदेशी पाठवतो. तिकडच्यांनी चांगला नंबर दिला तर माझं टेबल जागेवर राहील. शेठला गंमत वाटली. तो म्हणाला, आणा नंबर, टेबल तुमचं.

अशी ती पैज. एका कार्डावर दादाची खुर्ची.

पाठवायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. फॉर्म इंग्रजीत, आणि दादा मराठी आणि गुजराती वाचतो. म्हणून तो माझ्याकडे आला. काम नीट करायचं म्हटल्यावर मी नीट केलं. मुंबईत एक जण अशी कार्डं गोळा करून एकगठ्ठा परदेशी पाठवतो, त्याचा पत्ता काढला. त्याने इंग्रजीत सूचना पाठवल्या, त्या मी दोन संध्याकाळी बसून मराठीत कलमवार उतरवल्या. तीच ती नऊ कलमं. पहिलं, हात कोरडे असावेत. दुसरं, कार्ड कडांना धरावं. तिसरं, मऊ पाकिटात घालून मग कडक पाकिटात घालावं. चौथं, कार्ड पुसू नये. पाणी, तेल, खोडरबर काहीही लावू नये. पाचवं, कडेचा धागा निघाला असला तरी कापू नये. चौथं आणि पाचवं मोडल्यास कार्ड बाद होतं, असं कंसात लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

रविवारी दुपारी वही घेऊन मी दादाच्या घरी गेले. त्याला कलमं वाचून दाखवायची आणि पाकीट बंद करून सोमवारी कुरिअर करायचं, असं ठरलं होतं.

मी पोचले तेव्हा त्याने टेबलावर घडी केलेला टॉवेल ठेवला होता, त्यावर कार्ड होतं. शेजारी वखारीतलं मलमलचं फडकं, वाटीत पाणी आणि देठ कापायची कात्री. कार्डाच्या पांढऱ्या पट्टीवर एक पिवळट डाग होता. फडक्याचं टोक ओलं करून तो डाग काढत होता, गोल गोल, अगदी हलक्या हाताने. डाग निघत होता.

मी विचारलं, हे काय करतोस.

तो मान वर न करता म्हणाला, "निवडणाऱ्यासमोर माल धुऊन जायला हवा. नाहीतर तो मालाला नंबर देत नाही, मातीला देतो."

तीस वर्षं तो हेच ऐकत आणि सांगत आला होता. न धुतलेली पाटी टेबलावर आली तर तो ती परत पाठवायचा. त्याच्या जगात साफ न करता पुढे ठेवणं म्हणजे निवडणाऱ्याचा अपमान होता. त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं, की कार्डांच्या धंद्यात रीत बरोबर उलटी आहे. तिथे न पुसलेल्या डागाने नंबर कमी होतो आणि पुसलेल्या डागाने नंबरच जातो. सांगणारी मी होते. वही माझ्या हातात होती आणि त्या पानात बोट घातलेलं होतं.

डाग पुसून झाला होता, पण कडा अजून शाबूत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं. दादाने कात्री उचलली, कार्ड उजेडाकडे धरलं. वरच्या कोपऱ्याजवळ केसाएवढा कागदाचा धागा सुटला होता. तो पंख्याच्या वाऱ्याने हलत होता.

"दोन नंबर," तो म्हणाला, "जरा पंखा बंद कर."

मी उठले आणि पंखा बंद केला. परत येऊन बसले, वही मिटली आणि मांडीवर ठेवली. त्याने धागा कापला. मग कड जरा वेडीवाकडी वाटली म्हणून तिथून अर्ध्या बोटाच्या लांबीत आणखी सरळ करून घेतली. हात फार सफाईचा. मी बघत होते. वहिनीने चहा आणला तेव्हा त्याने कार्ड तिला दाखवलं, आणि ती पहिल्यांदाच म्हणाली, की छान दिसतंय.

मग मी त्याला पहिलं, दुसरं आणि तिसरं कलम वाचून दाखवलं. सहाव्यापासून पुढचीही वाचली. त्याने सगळी नीट पाळली.

मी त्या क्षणी काय विचार केला, हे मला पुष्कळदा स्वतःला विचारावं लागलं आहे. रागाने केलं असतं तर निदान राग आठवला असता. मला आठवतं ते एवढंच, की पंख्याचं बटण भिंतीवर जरा सैल होतं आणि ते बदलायला हवं, असं मी मनात नोंदवलं.

निकाल यायला चार महिने लागले. त्या काळात शेठने टेबल हलवलं नाही. यंत्र सुरू होतं आणि त्याच्या शेजारी दादा आपल्या टेबलाशी बसून यंत्राने एक नंबर म्हणून टाकलेल्या फळांतून डागी फळं बाहेर काढत होता, रोज पाटीभर. निवडणाऱ्या बायकांना तो सांगायचा, माझं कार्ड विमानात बसलं, आता दिव्याखाली असेल, आता डबीत बंद होत असेल. बायका त्याची मजा करायच्या. काका, कार्ड फॉरेनला गेलं, तुम्ही कधी जाणार. तो म्हणायचा, आधी ते येऊ दे.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मला मेल आला. दोन ओळी होत्या. पहिली, कार्ड अस्सल आहे. दुसरी, कड कापलेली आणि पृष्ठभाग साफ केलेला आढळला, त्यामुळे नंबर देता येत नाही. मी डबा पूर्ण खाल्ला. दुसरी ओळ मला चार महिने माहीत होती. पहिली ओळ माहीत नव्हती. तो बरोबर होता. दोनशे कार्डांतून, कागद न बघता, अंगठ्याने त्याने अस्सल तेच उचललं होतं.

पंधरा दिवसांनी कार्ड कुरिअरने आलं, साध्या पारदर्शक पाकिटात, सोबत त्याच दोन ओळींची चिठ्ठी. दादाचा आग्रह होता, की निकाल वखारीतच वाचायचा, शेठसमोर. मी त्याला फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. शनिवारी सुट्टी होती, मी गेले. चिठ्ठी पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवली.

यंत्र बंद करायला लावलं होतं. बायका हात पुसत गोळा झाल्या. दादाने टेबल पुसून ठेवलं होतं, मध्ये जागा मोकळी. शेठ खुर्ची ओढून बसला. मी कार्ड टेबलावर ठेवलं. डबी नाही, हे दादाच्या लगेच लक्षात आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

शेठने विचारलं, "बेन, किती नंबर आला?"

"नंबर दिला नाही," मी म्हणाले.

कोणीतरी हसलं. निवडणाऱ्या बायकांतली सर्वांत जुनी झरी गावची होती, दादाबरोबर वीस वर्षं काम केलेली. ती म्हणाली, "काका, तुमच्या कार्डाला कीड निघाली का काय?" मग सगळ्याच हसल्या. दादाही थोडा हसला.

शेठ हसला नाही. त्याने कार्ड उचलून उलटसुलट केलं आणि मला विचारलं, "म्हणजे डुप्लिकेट?"

हा प्रश्न मी अपेक्षिला नव्हता असं म्हणणार नाही. माझ्याकडे उत्तर होतं आणि ते कागदावर, शिक्क्यासकट होतं. "नाही शेठ, कार्ड अस्सल आहे, पुसल्यामुळे बाद झालं," एवढंच म्हणायचं होतं. त्यातल्या पहिल्या पाच शब्दांनी टेबल वाचलं असतं. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. मला पाहायला आलेली माणसं जशी माझ्याकडे बघत होती तसा नाही. मी पडद्याआडून त्याच्याकडे बघत होते, तसा.

मी म्हणाले, "नंबर दिला नाही, एवढंच लिहिलंय."

शेठने कार्ड खाली ठेवलं. तो दादाला लागेल असा एक शब्दही बोलला नाही. यंत्र सुरू करायला सांगितलं, बस. दादाने कात्री, फडकं आणि चष्म्याचं घर गोळा केलं आणि तो गेटकडे गेला. सोमवारी टेबल मागच्या शेडमध्ये गेलं.

आठवड्याभरात वखारीत त्याचं नाव डुप्लिकेट काका पडलं. ट्रकवाले गेटवर गाडी लावताना विचारायचे, काका, नोंद ओरिजिनल ना. घरीही हा विषय आला. वहिनीने एकदा ताटात आमटी वाढताना विचारलं, की दिल्लीला एवढी वर्षं जो माल गेला तो तरी एक नंबर होता ना. भाचीच्या बारशाला मामेबहिणींनी त्याला घोळात घेतलं आणि साड्यांचे नंबर विचारले. तो म्हणाला, आता ते काम यंत्र करतं. मी तिथे होते. मला कोणी दोन नंबर म्हटलं नाही. दादाने तर त्या शनिवारनंतर मला तशी हाक मारलीच नाही. नावाने बोलवू लागला. अठ्ठावीस वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते झालं, आणि मी बारशाचे लाडू दोन खाल्ले.

उंबरगावच्या व्यापाऱ्याकडे दादा एकदाच गेला. त्याच्या दुकानात, त्याच्या सुनेसमोर, त्याला चोर म्हणाला. व्यापारी वयाने मोठा. त्याने वाद घातला नाही, कार्ड ठेवून घेतलं आणि पैसे मोजून परत दिले. पैसे परत आले, म्हणजे नुकसान काही झालं नाही, असं मी मनाशी धरलं आणि वहीतल्या त्या कामापुढे बरोबरची खूण केली. व्यापाऱ्याने वखारीला खोकी देणं बंद केलं.

हे इथेच संपलं असतं. पण चोर म्हणवून घेतलेला माणूस गप्प बसत नाही, शोध घेतो. त्याने ते कार्ड वापीच्या एका जाणकाराला दाखवलं. एका मंगळवारी दुपारी त्याचा मला फोन आला. आवाज शांत होता. तो म्हणाला, की बेन, कार्ड शंभर टक्के खरं आहे, पण कोणीतरी त्याची कड कापली आहे आणि ते पुसलं आहे. परदेशातून कागद आला असेल, त्यात हे लिहिलेलं असणार. तुमच्याकडे तो असेल तर द्या. नसेल तरी मी गुरुवारी जाणकाराला घेऊन शेठकडे येतो आहे. मी चोर नाही, एवढं मला तिथे वदवून घ्यायचं आहे, बाकी काही नको.

मी त्याला म्हटलं, की कागद आहे, देते.

म्हणून मी बुधवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी वखारीत गेले. मन खात होतं म्हणून गेले, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मी गेले, कारण गुरुवारी ते बाहेर पडणारच होतं आणि ते दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडण्यापेक्षा माझ्या तोंडून पडावं असा हिशेबी विचार केला.

दादा गेटच्या टपरीत बसला होता. समोर नोंदवही आणि दोरीने बांधलेला पेन. मी चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली आणि दोन्ही ओळी मराठीत सांगितल्या. मग चौथं आणि पाचवं कलम सांगितलं. ते त्याला तेव्हा वाचून दाखवलं नव्हतं, हेही सांगितलं. सगळं मिळून तीन मिनिटं लागली असतील.

तो म्हणाला, "पहिली ओळ परत वाच."

मी वाचली.

"अजून एकदा."

मी परत वाचली. त्याने चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, त्या ओळीवरून, डावीकडून उजवीकडे. मी म्हणाले, चल, आपण आत्ता शेठला दाखवू. तो उठला नाही. म्हणाला, शेठला काय दाखवणार, ओळखलं मी आणि मारलंही मीच. आता टेबल परत मागितलं तर यंत्र हसेल.

आत पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला.

"मी कड कापत होतो तेव्हा तू समोर होतीस," तो म्हणाला.

"होते."

"वही मांडीवर होती."

"होती."

"पंखा तू बंद केलास."

त्याने चिठ्ठीची घडी केली, मूळ घडीवरच, नीट, आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, उंबरगाववाल्याला दे, त्याला लागेल. मी दुपारी त्याला फोन करून माफी मागतो. त्याला चोर मी म्हणालो, तू नाही.

एक ट्रक गेटशी आला. दादाने चष्मा लावला, गाडीचा क्रमांक वहीत लिहिला, वेळ लिहिली. लिहिता लिहिताच बोलला, आवाज न चढवता, टेबलाशी बसून फळ ठेवताना बोलायचा तसाच.

"तुला दोन नंबर म्हणालो होतो ना तेव्हा. जास्तच दिला."

ट्रक आत गेला. तलासरीची एसटी सव्वानऊला होती. ती मला मिळाली.